आबांची सोमवारची कार्डं

आबांनी रागाने आवाज चढवलेला आमच्या घरात कुणी ऐकला नाही. राग आला की ते पोस्टात जायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. पायांत चपला सरकवायचे, सदऱ्याच्या खिशाला पेन लावायचे आणि निघायचे. जिजी स्टोव्हपाशी बसूनच पुटपुटायच्या, "वनी आज कोनावर तरी संक्रांत!" तासाभराने आबा परत यायचे, हातपाय धुवायचे आणि अगदी शांतपणे जेवायला बसायचे. ज्याच्यावर संक्रांत आलेली असायची त्याला ती दोन दिवसांनी, पोस्टमनच्या हातून कळायची.

आबा माझे चुलतसासरे, जिजी त्यांची बायको. सासू-सासरे अमळनेरकडे गावी राहायचे. सुरतेतलं लिंबायतच्या चाळीतलं घर आबा-जिजींचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुतण्या आणि त्याच्या मागोमाग मी, अशी दोन माणसं त्यांना तयार मिळाली. मला ते 'सूनबाई' म्हणायचे. मी त्या घरात पाय ठेवला तेव्हा मला स्वयंपाक जेमतेम यायचा. नवापूरच्या गुजराती शाळेत शिकल्यामुळे माझं गुजराती अक्षर मात्र सुरेख होतं. आयुष्यात मला अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट, आणि तिनेही पुढे घात केला. ते येईलच.

आबा रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलून ठरवणारा माणूस. अशी तीस वर्षं काढल्यावर त्यांची एक पक्की समजूत झाली होती, की जे लिहून दिलं जातं त्याला उत्तर येतंच. ही समजूत अगदीच हवेतली नव्हती. एकदा फलाटावरचा पाण्याचा नळ गळतो म्हणून त्यांनी तक्रारबुकात नोंद केली होती आणि तीन महिन्यांनी वरून टाइप केलेलं उत्तर आलं होतं : "आपली तक्रार मिळाली. नळ दुरुस्त करण्यात आला आहे." ते उत्तर त्यांनी काचेच्या चौकटीत घालून घेतलं. बुद्धाच्या तसबिरीखाली, आदराने थोडं अंतर सोडून, ते भिंतीवर टांगलेलं असायचं. पाहुणा आला की आबा आधी पाणी द्यायचे, मग ते उत्तर वाचायला लावायचे.

घरातही त्यांचा कारभार लेखी. सकाळी उठावं तर उशाशी चिठ्ठी : "विषय : नळाखाली बादली वेळेवर ठेवणेबाबत." खाली मजकूर दीड ओळ, आणि शेवटी 'कळावे'. चाळीचं पाणी पहाटे यायचं आणि मी उशिरा उठायचे, हे मला तोंडावर सांगायला त्यांना संकोच वाटे. मी पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा त्याच चिठ्ठीच्या मागे "विषय : बादलीला भोक असणेबाबत" असं लिहून परत ठेवली. आबा इतके खूश झाले की त्या दिवसापासून मी त्यांच्या कचेरीतली माणूस झाले. जाणाऱ्या प्रत्येक कार्डाची नक्कल ते एका जावक वहीत करून ठेवत. ते काम माझ्याकडे आलं.

ज्या वर्षी शहरात प्लेगची साथ आली, त्या वर्षाची ही गोष्ट. लोक गाड्या भरभरून पळाले, मग हळूहळू परतले, आणि परतल्यावर रोग कुणी आणला याचा शोध सुरू झाला. एका गुजराती दैनिकात दर रविवारी एक गृहस्थ विनोदी सदर लिहायचे. आम्ही त्यांना 'रविवारवाले भाई' म्हणायचो. लिहायचे चांगलं. मीही वाचून हसायचे. त्या रविवारी त्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांवर लिहिलं. रुळापलीकडच्या वस्त्यांतून येणाऱ्या या मराठी बाया भांडी लख्ख करून जातात आणि रोग तेवढा घरात ठेवून जातात, असं एक वाक्य त्यात होतं. ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा सवयीने हसू आलं होतं.

जिजी पर्वत पाटियाच्या पुढे एका सोसायटीत तीन घरी कामाला जायच्या. त्यातलं कांताबेनचं घर अकरा वर्षांचं. कांताबेनच्या मुलीचं बाळंतपण जिजींनी केलं, तिच्या तान्ह्याला स्वतःच्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. त्या आठवड्यात कांताबेनने जिजींना दारातच थांबवलं. "जीजी, थोडा दिवस ना आवता. पछी बोलावीश." काही दिवस येऊ नका, मग बोलावते. जिजी दारातूनच फिरल्या. उरलेली दोन घरं दोन दिवसांत तशीच गेली. घरी येऊन त्यांनी आपलीच भांडी काढली आणि घासत बसल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली. आबांनी मला तो पेपर मराठीत वाचून दाखवायला लावला. मी ते वाक्य गाळायला बघितलं.

"गाळू नको," आबा म्हणाले. "पूर्ण वाच."

मी वाचलं. जिजींचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "पेपरमा बोलना ना तो? मंग पेपरमाच माफी मांगाले पाहिजे." आणि पुन्हा पातेल्याला लागल्या. आबांनी पायांत चपला घातल्या.

आबांना हवं तरी काय होतं? दोन ओळी. रविवारचं ते वाक्य चुकीचं होतं, एवढं त्याच पेपरात छापून यावं. ते कात्रण घेऊन कांताबेनच्या दारात जायचं आणि जिजींना मानाने पुन्हा आत न्यायचं. कामाची गरज होतीच, पण कामं दुसरीकडेही मिळाली असती. जिजींना दुसरं घर नको होतं. त्यांना त्याच दारातून आत जायचं होतं.

एका कार्डाने भागणार नाही म्हणून आबांनी सगळी चाळ कामाला लावली. प्रत्येक घरातून प्रत्येक माणसाच्या नावाने एक कार्ड. गुजराती लिहिता येणारी चाळीत मी एकटी. दुपारी ओट्यावर पाट मांडून मी बसायचे आणि बाया रांगेने येऊन नावं सांगायच्या. कुणी नवऱ्याचं नाव घेईना, कुणी सासूचं नाव घालायला तयार होईना : "तिचं कशाला? तिच्यामुळं रोग आला असंल तर म्या काय सांगू!" शेजारचे परभणीचे सखारामभाऊ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. ते बिडी विझवत म्हणायचे, "आबा, कार्डानं काय व्हतंय? माझ्यासंगं लूमवर या. एक घंटा तो खडखडाट ऐका. समदा राग खाली बसतोय बघा."

"भाऊ, नाव सांगा," आबा म्हणायचे.

"लिवा, लिवा. सखाराम. फुकटात बोंब मारायला आपली ना नाही."

महिनाभरात दोनशेच्या वर कार्डं गेली. एके रविवारी पेपर उघडला तर भाईंच्या सदरात आमचा उल्लेख. आबांनी चष्मा चढवला, चाळ जमली, मी मोठ्याने वाचायला लागले. भाईंनी लिहिलं होतं की, मला दोनशे लोकांची कार्डं आली आहेत, पण सगळी एकाच हाताची आहेत. म्हणजे रुळापलीकडे दोनशे नावांची एकच बाई राहते. या बेनना इतका वेळ असेल तर त्यांनी माझे लेख उतरवून द्यावेत, कारण अक्षर मोत्यासारखं आहे आणि माझं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नाही.

आता जे सांगते ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. जिजींचं घर गेलं होतं, आमची टिंगल झाली होती, आणि माझ्या मनात मात्र 'मोत्यासारखं' हा एकच शब्द घोळत होता. त्या सगळ्या खटपटीत पेपरात कुणाचं कौतुक छापून आलं असेल तर ते माझं एकटीचं. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं मला वाईट वाटलंय. सखारामभाऊंनी माझ्यासाठी चहा मागवला.

आबांनी पेपराची घडी घातली. "सूनबाई, चूक माझी. रेल्वेत एक अर्ज आला तरी अर्ज, दोनशे आले तरी अर्जच. हात कुणाचा ते तिथं बघत नाहीत. मला वाटलं, इथंही तसंच." मग म्हणाले, "आता ज्यानं त्यानं आपलं कार्ड आपल्या हातानं लिहायचं. मराठीत लिहा. येईल तसं लिहा."

पाट पुन्हा मांडला गेला, या वेळी माझ्या हातात पेन नव्हतं. ज्यांनी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं अशा बायका जीभ बाहेर काढून अक्षरं जुळवू लागल्या. एका कार्डावर नुसतं 'आम्ही घान नाही' एवढंच मावलं, कारण अक्षरं बोराएवढी होती. जिजींनी मात्र कार्डाला हात लावला नाही. "मी काय लिखू? मना काय गुन्हा शे?" म्हणायच्या.

त्या कार्डांचं काय झालं ते कळलं नाही. दुसरंच काहीतरी घडत होतं, आणि ते आमच्या नजरेला यायला फार वेळ लागला. माफी आली की नाही ते बघायला चाळ दर रविवारी पेपर घ्यायची. शेजारच्या चाळी आमचं बघून घ्यायला लागल्या. पूर्वी आमच्या गल्लीत तो पेपर चार घरी यायचा. आता नाक्यावरचा पेपरवाला सायकलीला गठ्ठा बांधून आणायचा आणि तो आमच्या तोंडासमोर संपायचा. दिवाळीच्या सुमारास त्याने आबांना हात जोडले आणि त्या पेपराचं नव्या वर्षाचं कॅलेंडर भेट दिलं. आबांनी ते घरी आणून खिळ्याला लावलं. मी म्हटलं, "आबा, याचं?" तर म्हणाले, "तारखांनी काय केलंय?"

नव्या वर्षात भाईंचं सदर बुधवारीही सुरू झालं.

"घ्या," सखारामभाऊ म्हणाले. "आबा, तुमी त्याला बढती दिली. आता अजून शंभर कार्डं टाका, म्हंजी पेपरच त्याच्या नावावर व्हतोय."

सगळे हसले. आबाही हसले, जरा उशिरा. त्यानंतर चाळीचा जोर ओसरला. कुणावर रागावून नाही. कुणाची पाळी बदलली, कुणी कामरेजकडे नव्या कारखान्यावर गेलं, कुणाच्या घरी लग्न निघालं. दमणूक अशीच येते, सांगून येत नाही.

मग एकदाचं छापून आलं. वाचकांच्या पत्रांत, खालच्या कोपऱ्यात, एक ओळ : "लिंबायतच्या एका वाचकाला रविवारचे सदर आवडले नाही." नाव नाही, सदर कुठलं, का आवडलं नाही, काही नाही. आबांनी मात्र ती ओळ कात्रीने कापली, कोऱ्या कागदावर चिकटवली आणि म्हणाले, "चल सूनबाई." जिजी म्हणाल्या, "मी नही येत. ती माफी नही." आम्ही दोघंच गेलो.

कांताबेनने दार उघडलं. ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. बाई वाईट नव्हती, हेच त्या दिवशी जड गेलं. आतल्या मोरीत कोणी दुसरी मुलगी भांडी घासत होती. आबांनी कात्रण पुढे केलं आणि जुळवून ठेवलेल्या गुजरातीत सगळं सांगितलं : लेख, कार्डं, ही छापून आलेली ओळ. कांताबेनने कात्रण उलटसुलट करून पाहिलं.

"पण भाई," ती म्हणाली, "अमारे त्यां तो ए छापुं आवतुं ज नथी."

तिच्याकडे तो पेपर येतच नव्हता. लेख तिने वाचलेला नव्हता. सोसायटीतल्या बायका बोलत होत्या, सगळ्यांनी आपापल्या बाया बंद केल्या, तिनेही केली. आता ही मुलगी आहे, हिला कसं काढणार? "जीजीने केजो, बहु याद करुं छुं," ती म्हणाली. जिजींना सांगा, फार आठवण येते. आणि तिचे डोळे खरंच भरले होते.

परत येताना पर्वत पाटियाच्या चौकात कापडाच्या गठ्ठ्यांचे टेम्पो जाईपर्यंत आम्ही उभे होतो. आबा म्हणाले, "लेख तिच्या घरी गेलाच नव्हता, सूनबाई. बोलणं गेलं होतं. आता बोलण्याला कार्ड टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर टाकायचं?"

मला वाटलं, आता हे थांबतील. पुढच्या सोमवारी त्यांनी चपला घातल्या. त्या सोमवारपासून दर सोमवारी एक कार्ड, एकट्याचं, मराठीत : मी वाचून दाखवलेल्या रविवारच्या सदराबद्दल दोन ओळी, शेवटी "अमुक साली आपण लिहिलेल्या वाक्याबद्दल माफी छापावी. कळावे." कधी त्यात तक्रारीऐवजी शाबासकी असायची. "या वेळचा रिक्षावाल्यावरचा लेख चांगला जमला. माफी छापावी." मी नक्कल करताना चिडायचे. "आबा, शिव्या द्यायच्या की कौतुक करायचं, एक काहीतरी ठरवा."

"चांगलं ते चांगलं म्हणायला नको?"

"फरक पडतो का पण?"

"सांधा बदलल्यावर गाडी नीट गेली की नाही ते दर वेळी दिसतं थोडंच? अंधार असतो, धुकं असतं. म्हणून काय सांधा तसाच ठेवायचा?" हे बोलून ते निघून गेले. वहीत उतरवून घेण्याजोगं वाटलं, पण मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

अशी चार वर्षं गेली. मला मुलगी झाली, आबा निवृत्त झाले. मग एका रविवारी सदर आलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी आबांनी पेपर पुढून मागून चाळला आणि सोमवारची वाटही न बघता कार्ड लिहायला घेतलं : "तीन आठवडे आपले सदर नाही. तब्येत बरी आहे ना?" मी हसले तर म्हणाले, "गाडी वेळेवर आली नाही तर पुढच्या स्टेशनाला विचारतात की नाही? मग!"

दहाबारा दिवसांनी पोस्टमनने आमच्या ओट्यावर एक पिवळं कार्ड टाकलं. त्याचं अक्षर छापखान्यात लागत नसेल यात नवल नव्हतं. मी अडखळत वाचलं. भाईंनी लिहिलं होतं : हात थरथरतो, लिहायला बंदी आहे. पेपरातून माणसं येतात आणि सदर कधी सुरू करता म्हणून विचारतात. तब्येत तुम्ही एकट्यानेच विचारलीत. तुमची कार्डं माझ्याकडे आहेत. ते वाक्य मी हसवण्यासाठी लिहिलं, लिहायला नको होतं. घरच्या बेनना माझा नमस्कार सांगा.

मी वाचून थांबले. आबांनी कार्ड माझ्या हातून घेतलं. गुजराती वाचता येत नसूनही ते बराच वेळ बघत राहिले. जिजी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. आबा त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज मी चढलेला कधी ऐकला नव्हता, त्या दिवशी तो जरासा चढला होता. "ऐकलं का? नमस्कार सांगितलाय तुला."

जिजींनी मान वर केली. "छापी वनं का?"

"नाही. कार्ड आलंय. त्यांच्या हातचं."

"मंग ठेवा तुमना जोडे," तुमच्याजवळच ठेवा, असं म्हणून जिजींनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला.

आबांनी त्याच दिवशी उलट कार्ड टाकलं : "आपले पत्र मिळाले. हेच छापावे. कळावे." त्याला उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी त्या चौकटीत दुसऱ्याच कुणाचं सदर सुरू झालं, आणि भाई गेल्याची बातमी आत कुठेतरी, लहानशी आली. आबा त्या सोमवारीही पोस्टाकडे निघाले होते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जिजी आमच्याजवळ असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. माझी मुलगी इच्छापोरला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. परवा कुठल्याशा लेखावरून तिचा फोन दिवसभर तापलेला होता. शेकडो लोक चिडलेत, लेखकाला धडा शिकवल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणाली. त्या लेखाबद्दल मला तोवर माहीत नव्हतं. तिच्यामुळे मीही तो काढून वाचला. मग माझं मलाच हसू आलं, आणि मी बिस्किटाच्या डब्यातल्या आबांच्या जावक वह्या आणि ते पिवळं कार्ड तिच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. 'मोत्यासारखं'सुद्धा सांगितलं.

ती पोर उठलीच. पिवळ्या कार्डाचा फोटो काढला आणि जिजींच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आजी, हे मी आत्ता टाकते. सगळ्या जगाला दिसेल. त्यानं माफी मागितली होती, हे सगळे वाचतील. टाकू?"

जिजींनी कार्ड हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं.

"कांताबेनले दिसी का?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती सोसायटी पाडून तिथे उंच इमारत उभी आहे, आणि कांताबेन जाऊन सात वर्षं झाली. जिजींनाही हे माहीत होतं.

"मंग ऱ्हाऊ दे, बेटा," जिजी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण शोधायला त्यांनी हात पुढे केला.